व्होल्टेज बरोबर आला म्हणजे पॉवर सप्लाय झाला?



दरवर्षी प्रकल्पांच्या टेबलावर एलएम २५९६ चा स्विचिंग पॉवर सप्लाय हमखास असतो. मुलं पॉट फिरवतात, मल्टिमीटरवर ५, ९, १२ व्होल्ट दाखवतात, आपण टिक करतो, चला पुढचा! मीही कित्येक वर्षं हेच केलं. मग एकदा एका विद्यार्थिनीने असाच सप्लाय १४.४ व्होल्टला लावून त्यावर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची पार उतरलेली बॅटरी जोडली. थोड्याच वेळात कॉइलला हात लाववेना आणि वायर तापल्याचा वास सुटला. तिला पैकीच्या पैकी गुण मीच दिले होते.

"सर, चिपमध्ये करंट लिमिट आहे ना?" आहे की. पण ती साधारण साडेचार अँपिअरला लागते, आणि तीही चिप वाचवण्यासाठी. बॅटरीवर मात्र बहुधा दोन अँपिअरच्या आसपासचाच आकडा छापलेला असतो. फ्यूज लावावा म्हणाल, तर फ्यूज उडाला की चार्जिंगच बंद. आपल्याला करंट तोडायचा नाही, दोन अँपिअरवर धरून ठेवायचा आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: कॉन्स्टंट करंट लिमिट नसलेल्या सप्लायला पूर्ण गुण देऊ नयेत. खर्च दोन वडापावांएवढा. लोडची निगेटिव्ह वायर ०.०५ ओहमच्या शंटमधून ग्राउंडला न्या. २ अँपिअरला त्यावर ०.१ व्होल्ट पडतो आणि ०.२ वॉट उष्णता होते. हा व्होल्टेज एलएम ३५८ च्या प्लस इनपुटला द्या, मायनसला ०.१ व्होल्टचा संदर्भ द्या आणि आउटपुट एका डायोडमधून चिपच्या फीडबॅक पिनवर न्या. करंट वाढला की ऑप-अँप ती पिन १.२३ व्होल्टच्या वर ढकलतो. चिपला वाटतं आउटपुट जास्त झालं, आणि ती आपणहून हात आखडता घेते. एरवी डायोड बंद, व्होल्टेजचं काम नेहमीसारखं चालू.

खरं शिक्षण इथून पुढे आहे. ऑप-अँपला वीज आउटपुटवरून दिली, तर शॉर्ट होताच आउटपुट बसतं, ऑप-अँप मरतो आणि लिमिट नेमकी गरजेच्या वेळी गायब! वीज इनपुटकडूनच घ्या. ऑप-अँपच्या आउटपुटपासून मायनस इनपुटपर्यंत कपॅसिटर आणि संदर्भाच्या वाटेत रेझिस्टर हवा, नाहीतर दोन्ही लूप एकमेकांशी भांडतात आणि कॉइल शिट्टी मारते. लोडची निगेटिव्ह दुसऱ्या कुठल्या वाटेने ग्राउंडला चिकटली, तर शंटला करंट दिसतच नाही. शिवाय एलएम ३५८ चा ऑफसेट ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो, म्हणजे १०० मिलिव्होल्टमध्ये ७ टक्के चूक. मोजा आणि वहीत लिहा.

दोन पॉटवालं तयार मोड्यूल बाजारात मिळतं, हे मलाही ठाऊक आहे. खुशाल वापरा, पण दुसरा पॉट कशासाठी आहे ते मला सांगता आलं पाहिजे.

यंदा तोंडी परीक्षेत मी मल्टिमीटर १० अँपिअरवर लावून आउटपुट सरळ शॉर्ट करणार आहे. काटा दोनवर थांबला तर पूर्ण गुण. घरून एकदा करून या.