विश्लेषण : घरातली मिठाची पिशवी किती दिवसांत संपते?

मराठी पंगतीत पानात सर्वांत आधी मीठ वाढले जाते. त्या चिमूटभर मिठाने आजवर कुणाचे फारसे बिघडवलेले नाही. बिघडवले ते ताटात न दिसणाऱ्या मिठाने. तरीही हृदयविकाराचा विषय निघाला की घरोघरी वाद रंगतो तो तेलावर. शेंगदाण्याचे की सूर्यफुलाचे, घाण्याचे की रिफाइंड, तूप चालेल की नाही, यावर तासभर बोलणारी मंडळी स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला हे सांगू शकत नाहीत. तेलाचा प्रश्न खोटा नाही, पण मिठाचा आणि रक्तदाबाचा प्रश्न त्याच्या मागे झाकला गेला आहे.

रक्तदाबाचा हृदयाशी संबंध काय?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, म्हणजे दर तिघांत किमान एकाला. त्याआधी ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात असे दिसले होते, की दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि इतर देशांत ५९ च्या आसपास. सहा वर्षांचा हा फरक म्हणजे अनेक घरांत मुलांची शिक्षणे आणि घरकर्जाचे हप्ते बाकी असण्याचा काळ.

शरीरात सोडियम वाढले की ते पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते आणि तेवढ्याच नळ्यांतून जास्त रक्त ढकलावे लागते. वर्षानुवर्षे हा दाब सोसून धमन्यांचे आतले अस्तर दुखावते. तिथे कोलेस्टेरॉल साचायला जागा मिळते आणि हृदयाचा स्नायू जाड व ताठ होत जातो. मूत्रपिंडे थकतात आणि मेंदूतल्या बारीक वाहिन्या फुटण्याची किंवा बुजण्याची शक्यता वाढते. या सगळ्यात दुखत काहीच नाही, हीच मोठी अडचण. डोके दुखत नाही म्हणून बीपी नसणार, हा समज अजूनही पक्का आहे.

मीठ येते कुठून?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरेसे आहे, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. भारतीयांच्या पोटात सरासरी सुमारे ८ ग्रॅम जाते. आपल्या घरात किती, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम धरले तर एक किलोची पिशवी ५० दिवस चालायला हवी. ती महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर मीठ खर्च होते आहे. थोडे वाया जाते, लोणच्यात मुरते, हे खरे. पण यात बाहेरचा वडापाव, मिसळीवरचे फरसाण, संध्याकाळच्या चहासोबतची खारी आणि बिस्किटे धरलेलीच नाहीत.

भाकरीच्या पिठात अनेक घरांत मीठ घालतच नाहीत. पावात मात्र ते असतेच, आणि त्या पावात मिठाचा वडा, मिठाची चटणी आणि वर मीठ लावलेली तळलेली मिरची. भाकरीकडून पावाकडे झालेल्या प्रवासाची चर्चा मैद्याच्या अंगाने होते, मिठाच्या अंगाने जवळजवळ नाही. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो आणि तोही सोडियमच. ढोकळ्यातला सोडा तसाच. कोकणात सुकट-बोंबील, देशावर लोणचे आणि ठेचा. उपासाला सैंधव वापरले की मीठ ‘चालते’, हा समजही तपासायला हवा. सैंधव खडकातून निघते, पण ते बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. उपास घडेल, रक्तदाबाला मात्र तो फरक कळणार नाही.

पाकिटाच्या मागच्या तक्त्यात मीठ नसते, सोडियम असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते. सोडियम ८०० मिलिग्रॅम लिहिले असेल तर २ ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाचा ४० टक्के वाटा एका पाकिटात. तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हेही पाहावे लागते.

जेवणात काय बदलते?

अमेरिकेत झालेल्या ‘डॅश’ आहाराच्या चाचण्यांपैकी २००१ मधल्या चाचणीत भाज्या, फळे, कडधान्ये, कमी स्निग्धांशाचे दूध-दही आणि कमी मीठ असा आहार दिला गेला. नेहमीचे, जास्त मिठाचे जेवण घेणाऱ्यांच्या तुलनेत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा आकडा सरासरी ११.५ ने कमी भरला. एखाद्या गोळीइतका हा परिणाम आहे. यासाठी परदेशी पदार्थ आणायची गरज नाही. मटकीची उसळ, पालेभाजी, ज्वारीची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक हे त्याच वळणाचे जेवण आहे, फक्त ताकातले आणि कोशिंबिरीतले मीठ हात आखडून घालायला हवे. मीठ एकदम निम्मे केले तर घर बंड करते. थोडे थोडे कमी केले तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते. आमसूल, लिंबू, लसूण, जिऱ्याची पूड यांनी आळणीपणा बराच झाकला जातो.

बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. चीनमधील ६०० गावांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. हे मोठे यश आहे. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेणाऱ्यांना रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाण्याची भीती असते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नये.

मग गोळी सुटेल का?

रुग्णाचा खरा प्रश्न हाच असतो आणि सर्वाधिक नुकसानही इथेच होते. आकडा १३० वर आला की ‘बीपी बरे झाले’ समजून गोळी थांबवली जाते. आकडा खाली आला तो गोळीमुळे, हे सांगायला कुणी नसते. वजन उतरले, मीठ घटले, चालणे वाढले तर काहींची मात्रा कमी होते, क्वचित गोळी सुटतेही, पण तो निर्णय डॉक्टरांचा. अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा भरही, ज्यात महाराष्ट्र पहिल्या टप्प्यापासून आहे, ठरावीक औषधे आणि रुग्णाचा पाठपुरावा यांवरच राहिला. तंबाखूचेही तसेच. ‘मी सिगारेट ओढत नाही’ म्हणणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी असते. ‘इंटरहार्ट’मध्ये तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका सुमारे दुपटीने वाढलेला दिसला. आणि छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ‘गॅस झाला’ म्हणून ओवा चघळत बसू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा.

घरात एकाला बीपी निघाले की स्वयंपाकाची दोन भांडी होतात, त्याची आळणी आणि बाकीच्यांची नेहमीची. हे जास्तीचे काम जिच्यावर पडते तिचा स्वतःचा रक्तदाब बहुधा बाळंतपणानंतर कुणी मोजलेलाच नसतो. दोन भांडी ठेवण्यापेक्षा एकच भांडे सगळ्यांसाठी थोडे कमी खारट करणे सोपे, आणि तिच्यासाठी ते अधिक न्याय्य.

सगळे ओझे घरावरच का?

फिनलंडमधील उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने लोकांना फक्त उपदेश केला नाही. दुग्धव्यवसाय, खाद्य उद्योग, दुकाने, गावातल्या गृहिणींच्या संघटना सगळ्यांना सोबत घेतले. पुढच्या काही दशकांत तिथल्या कमावत्या वयातील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. ब्रिटनमध्ये उत्पादकांनी पावातले आणि तयार पदार्थांतले मीठ हळूहळू कमी केले. २००१ ते २०११ दरम्यान माणशी मीठ ९.५ वरून ८.१ ग्रॅमवर आले. तेही ग्राहकाच्या फारसे लक्षात न येता.

भारतालाही हे जमू शकते. तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणलीच. मिठाबाबत मात्र पाकिटाच्या दर्शनी भागावर काय छापायचे यावरच घोडे अडले. सप्टेंबर २०२२ मध्ये प्राधिकरणाने ताऱ्यांनी मानांकन देण्याचा मसुदा काढला. खारट, तळलेल्या पदार्थालाही एक-दोन तारे मिळाले तर ग्राहक ती शाबासकी समजेल, हा त्यावरचा आक्षेप रास्त होता. चिलीने २०१६ पासून मीठ, साखर, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले. ते वाचायला चष्मा लागत नाही. आपल्याकडचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली. मसुदा निघून तोवर अडीच वर्षे झाली होती.