जवळ्याचा हाँगकाँगचा चुलतभाऊ

नूडल्समध्ये पाणी ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मोमोफुकू आंडो या गृहस्थानं 1958 साली जपानात झटपट नूडल्स काढल्या, त्या गरम पाण्यात भिजवून रश्शासकट खायच्या होत्या. ते ठीक. पण 1983 साली मॅगी आपल्याकडे आली आणि घरोघरी जो पदार्थ शिजू लागला, तो धड रस्सा नाही, धड कोरडा नाही. आमच्या घरी तर दोन मिनिटांची गोष्ट दहा मिनिटं रटरटते आणि शेवटी मऊ खिचडीची शोभा धारण करते.

गेल्या दिवाळीत हाँगकाँगचा भाचा आला. येताना एक्सओ सॉसची बाटली घेऊन आला. एक्सओ म्हणजे 'एक्स्ट्रा ओल्ड', जुन्या मुरलेल्या कोन्याकचा दर्जा. सॉसमध्ये कोन्याक बहुधा औषधालाही नसतं. 1980 च्या दशकात हाँगकाँगात उंची वस्तूचं लक्षण म्हणून ते नाव चिकटलं. आपल्याकडे साध्या पुलावाला 'शाही' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

भाच्यानं नूडल्स उकळल्या, चाळणीत ओतल्या, चाळणी दोन-चारदा खडाखडा झटकली. मसाल्याची पुडी बाजूला ठेवली, कारण सॉस आधीच खारट. मग दोन चमचे सॉस त्यातल्या तेलासकट घालून सगळं वर-खाली केलं. झालं! तिकडे याला लो मेन म्हणतात. कुणाला रस्सा हवाच असेल तर तो वेगळ्या वाटीत. यात शास्त्र आहे. सॉसची सगळी चव तेलात उतरलेली असते. पाणी असलं की तेल वर तरंगतं आणि नूडल्स खाली कोरड्या मनानं बसून राहतात.

"काय खमंग वास आहे नाही?" ही म्हणाली.

मी बाटलीवरचा कागद वाचला. स्कॅलप नावाच्या शिंपल्याचा सुकवलेला गर, खारवलेलं हॅम, लसूण, मिरची, तेल. आणि सुकवलेली बारीक कोळंबी! म्हणजे जवळाच की हो. निदान त्याचा सख्खा चुलतभाऊ.

आता माझं भांडण ऐका. मालवणच्या माझ्या आईनं तव्यावर जवळा टाकला की हीच बाई फटाफट खिडक्या लावते. आमच्या सोसायटीनं तर फळ्यावर नोटीस लावली होती, 'सुकी मासळी भाजू नये.' खाली सही, वर श्री. भाड्याची जागा दाखवायला येणारा दलाल आधी किल्ली खिशात ठेवतो आणि मग विचारतो, "मासे खाता का?" बाजारात कोळीणीच्या टोपलीपाशी नाकाला रुमाल लावणारी माणसं घरी येऊन हाँगकाँगच्या बाटलीत नाक खुपसतात. कोळंबीनं विमानात बसल्यावर नेमकं काय केलं, की तिचा वास जाऊन सुगंध झाला? अंघोळ?

बाटली आठवड्यात संपली. पुढच्या शनिवारी ही भिशीला गेली, तेव्हा मी जवळा सुपात पाखडला, कोरडा कुरकुरीत भाजला. बारीक चिरलेला कांदा आणि ठेचलेली लसूण तेलात लाल होईपर्यंत परतली, मालवणी मसाला घातला, जवळा टाकला, दोन कोकमं. मंद आच. तेल सुटलं की उतरवलं. तेलात हात आखडायचा नाही; नूडल्सना लागायचं तेच असतं.

गार झाल्यावर सगळं त्या रिकाम्या बाटलीत भरलं. एरवी आमचा जवळा गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात, चपलांच्या शेजारी राहतो. बाटलीतला मात्र फ्रीजमध्ये, वरच्या कप्प्यात, लोण्याशेजारी बसला.

काल हिनं निथळलेल्या नूडल्सवर तीन चमचे घेतले. म्हणाली, "भाचा गुणाचा हो तुमचा. चांगली मोठी बाटली आणली. अजून संपत नाही."

मी म्हटलं, "नाही संपायची. पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल."