काठी मिळाली, पायरीचे काय?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून ६५ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांच्या बँक खात्यात एकरकमी ३ हजार रुपये जमा करण्याची सोय झाली. चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशी साधने त्यातून घ्यायची. योजना चांगलीच आहे. पण आणलेली खुर्ची न्हाणीच्या दारातून आत जाते की नाही, हे पाहायला कोणी घरी येत नाही.

यवतमाळ जिल्हा मुख्यतः खेड्यांचा. मुले पुण्या-नागपुरात, घरी दोघे म्हातारे आणि संडास अंगणाच्या टोकाला, दोन उंच पायऱ्या चढून. गुडघे धरलेली आजी रात्री उठावे लागू नये म्हणून दिवेलागणीनंतर पाणीच पीत नाही. मग लघवीची जळजळ, ताप, दवाखाना. गोळ्या बरोबरच दिल्या जातात, दुखण्याचे मूळ मात्र त्या पायऱ्यांत राहते.

ती पायरी बघणे हे व्यवसायोपचार तज्ज्ञाचे काम. खाट बुटकी असेल तर पायांखाली विटा द्या, लकवा झालेल्याने सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत घालावा, असे त्याचे साधे सांगणे असते. साधे, पण घर पाहिल्याशिवाय सुचणारे नव्हे. मातीच्या भिंतीत ठोकलेला दांडा अंगाचा भार पडताच उखडतो. तिथे जमिनीत पुरलेला खांबच हवा. (सागवानाच्या या जिल्ह्यात खांबाची वाण पडू नये!) अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ‘केपेबल’ उपक्रमात व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि परिचारिकेबरोबर घरदुरुस्तीचा कारागीरही वृद्धांच्या घरी जातो. आपल्याकडे तो कारागीर गावातच आहे.

तज्ज्ञही दूरचे नाहीत. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलेले व्यवसायोपचाराचे शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही मिळते. उमरखेड किंवा पांढरकवड्याला महिन्यातून एकदा असा तज्ज्ञ आला, तरी आशाताई त्याला नेमक्या घरी नेऊ शकतील. कोण अंथरुणाला खिळले आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असते? राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात अशा रुग्णांच्या गृहभेटींची तरतूद आहेच. अडते ते पुढे. तज्ज्ञाने पायरी उतरवायला सांगितली, तरी वयोश्रीच्या साधनांच्या यादीत गवंड्याची मजुरी नाही. ती यादीत घालायला शासनाचा एक निर्णय पुरेसा आहे.