आकडा आणि बॅकहँड

फेडरर मोठा की नदाल, हा वाद निघाला की नदालवाले लगेच दोघांच्या आपसातल्या लढतींचा 24-16 हा आकडा तोंडावर फेकतात. आकडा खराच आहे. पण त्यातले 14 विजय मातीच्या कोर्टवरचे, आणि तिथे सगळी भानगड एकाच फटक्याची. डावखुऱ्या नदालचा टॉपस्पिनने भरलेला फोरहँड फेडररच्या डाव्या बाजूला पडायचा आणि उसळून थेट खांद्याच्या वर यायचा. एका हाताने बॅकहँड मारणाऱ्याने तिथे करावं तरी काय? वर्षानुवर्षं तेच रडगाणं. मग फेडररने 90 चौरस इंचांची रॅकेट सोडून 97ची घेतली, मागे न हटता चेंडू उसळता उसळताच मारायला लागला, आणि 2017च्या ऑस्ट्रेलियन ओपन फायनलला नदालविरुद्ध पाचव्या सेटमध्ये 1-3ने मागे पडल्यावर सलग पाच गेम काढले. आम्ही फेडररवाले अजून त्यावरच जगतो. जोकोविचवाले मात्र या भांडणात पडतच नाहीत (शहाणे आहेत!); ते गुपचूप 2019च्या विम्बल्डन फायनलचा विषय काढतात. त्या सामन्यात फेडररने 218 गुण मिळवले, जोकोविचने 204. चषक जोकोविचने नेला.