नावाचे कुंपण आणि मातीची शिस्त

भौगोलिक मानांकन हा अलीकडे आपल्या राज्याराज्यांतील चढाओढीचा विषय झाला आहे. कोणत्या राज्याच्या पदरात किती मानांकने पडली, याच्या बातम्या पदकतालिकेसारख्या प्रसिद्ध होतात. देशातील नोंदणीकृत मानांकनांची संख्या आता सहाशेच्या पुढे गेली आहे. स्थानिक उत्पादनाला मिळणारी ही मान्यता स्वागतार्हच आहे. तथापि नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लागल्यानंतर त्या नावाचे रक्षण कोण करतो, आणि ज्या मातीतून व हवेतून ते नाव जन्माला आले त्यांची काळजी कोण घेतो, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

१९९९ च्या आपल्या कायद्यानुसार वस्तूचा दर्जा, लौकिक किंवा अन्य वैशिष्ट्य हे मूलतः तिच्या भौगोलिक उगमामुळे निर्माण झालेले असावे लागते. हा विचार सर्वांत आधी आणि सर्वांत बारकाईने घडवला तो युरोपातील, विशेषतः फ्रान्समधील, वाइन पिकवणाऱ्या प्रदेशांनी. त्यांचा इतिहास आपल्या धोरणकर्त्यांनी तपासण्याजोगा आहे. त्यात आदर्श आहेत, तसेच इशारेही आहेत.

बर्गंडीचे उदाहरण घेऊ. दिजाँ शहराच्या दक्षिणेकडे सुमारे साठ किलोमीटर लांबीचा एक अरुंद डोंगरउतार आहे. पूर्वेकडे तोंड केलेल्या या उतारावर सकाळचे ऊन लवकर पोहोचते. खाली ज्युरासिक काळातील चुनखडक आणि चुनखडीयुक्त चिकणमाती यांचे थर आहेत. माथ्यावर माती पातळ आणि हवा थंड. पायथ्याशी माती खोल, जड आणि पाणी धरून ठेवणारी. या दोहोंच्या मधला पट्टा निचऱ्याचा, बेताच्या ओलाव्याचा आणि उबदार. सर्वोच्च श्रेणीचे बहुतेक मळे याच पट्ट्यात आहेत. येथील लाल वाइन एकाच ‘पिनो न्वार’ या द्राक्षापासून होते. तरीही शेजारशेजारच्या दोन मळ्यांच्या वाइनचा स्वाद आणि किंमत यांत मोठी तफावत असू शकते. अशा बाराशेहून अधिक सीमांकित मळ्यांना ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

या सगळ्यात गूढ असे काही नाही. मुळे चुनखडकाची चव शोषून पेल्यात आणून सोडतात, ही लोकप्रिय समजूत शास्त्राला मान्य नाही. माती काम करते ती मुख्यतः पाण्याच्या पुरवठ्यातून आणि उष्णतेतून. वेलीला पाणी किती आणि केव्हा मिळते, फळ धरल्यावर तिची पालेदार वाढ थांबते की चालूच राहते, रात्री तापमान किती उतरते, यांवर साखर, आम्लता आणि सुगंध यांचा तोल ठरतो. निसर्ग मर्यादा आखून देतो आणि त्या मर्यादांतले उत्तम ते माणूस पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून शोधतो. बर्गंडीत हे निरीक्षण मध्ययुगात सिस्टर्सियन मठवासीयांनी केले. पुढे १३९५ मध्ये ड्यूक फिलिप याने भरघोस पण सुमार उत्पन्न देणाऱ्या ‘गामे’ या वाणावर बंदी घातली. नाव टिकवायचे तर उत्पादनावर लगाम हवा, हे राज्यकर्त्याला सहा शतकांपूर्वी उमगले होते.

कायद्याचा प्रवास मात्र सरळ झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले आणि टंचाईच्या काळात बनावट वाइनचा सुळसुळाट झाला. १९०५ मध्ये फसवणूकविरोधी कायदा आला आणि प्रदेशांच्या सीमा आखण्याचे काम सुरू झाले. ती सीमा कोठून जावी, यावरून १९११ मध्ये शँपेनमध्ये दंगली उसळल्या. लष्कर बोलवावे लागले. १९१९ च्या कायद्याने हा निर्णय न्यायालयांवर सोपवला. पण त्याचा भर भूगोलावर राहिला, दर्जावर नव्हे. परिणामी सीमेच्या आत अयोग्य जमिनीवर, हलक्या वाणाची लागवड करूनही प्रतिष्ठित नाव लावणे शक्य झाले. ही त्रुटी दूर करण्यासाठी झोझेफ कापू या कृषितज्ज्ञ लोकप्रतिनिधीने दीर्घ प्रयत्न केले. १९२७ च्या सुधारणेत माती आणि वाण यांचा विचार आला; १९३५ मध्ये नियंत्रित उगमनामाची पद्धत आली. जमीन, वाण, हेक्टरी उत्पादनाची कमाल मर्यादा, मद्यार्काचे किमान प्रमाण असे सारे तीत बांधले गेले. नाव हा हक्क, पण शिस्त पाळणाऱ्याचाच, हे त्या पद्धतीचे सार होय.

आपण आज फ्रान्सच्या १९१९ च्या टप्प्यावर उभे आहोत, असे माझे मत आहे. आपल्या नियमांत मानांकनाच्या अर्जासोबत तपासणी यंत्रणेचा तपशील मागितला जातो खरा, पण ‘असल्यास’ या शब्दासह. त्या एका शब्दात आपल्या व्यवस्थेचे दुबळेपण सामावले आहे. सीमा आखली जाते, नाव नोंदले जाते. सीमेच्या आत काय पिकते आणि बाहेरचे काय आत येते, हे पाहणारी खात्रीची यंत्रणा असेलच असे नाही.

दार्जिलिंगचा चहा हा याचा सर्वांत बोलका दाखला. २००४-०५ मध्ये देशातील पहिली नोंदणी झाली ती याच नावाची. हिमालयाच्या उभ्या उतारांवर, सुमारे सहाशे ते दोन हजार मीटर उंचीवर, धुके, थंड रात्री आणि कोरडा हिवाळा यांच्या संगतीत प्रामुख्याने चिनी वाणाची झुडपे वाढतात. मे-जूनच्या दुसऱ्या बहरात पानांवर तुडतुड्यांसारखे कीटक येतात. त्यांच्या दंशाला झुडूप जो रासायनिक प्रतिसाद देते त्यातून येणाऱ्या सुगंधाला ‘मस्कटेल’ हे द्राक्षाचेच नाव मिळाले आहे. मानांकन ८७ बागांपुरते मर्यादित आहे. एकेकाळी वर्षाला एक कोटी किलोच्या आसपास असलेले उत्पादन आता बरेच खाली आले आहे. वृद्ध झुडपे, बेभरवशाचा पाऊस, २०१७ चा शंभराहून अधिक दिवसांचा बंद, मजुरांचे स्थलांतर अशी त्याची अनेक कारणे आहेत. दुसरीकडे सीमेपलीकडून येणारा नेपाळचा चहा दार्जिलिंग म्हणून विकला जात असल्याची तक्रार संसदीय समितीपर्यंत पोहोचली. नेपाळचा चहा वाईट नाही. त्याच डोंगररांगांचा तो शेजारी आहे. त्याने स्वतःच्या नावाने बाजारात यावे, एवढीच न्याय्य अपेक्षा आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात वाइन आणि मद्यार्कयुक्त पेयांच्या नावांना इतर वस्तूंपेक्षा अधिक संरक्षण आहे. ते बासमती आणि दार्जिलिंग चहासारख्या वस्तूंनाही मिळावे, असा आग्रह भारताने दीर्घकाळ धरला आहे आणि तो रास्त आहे. परंतु जे संरक्षण आपण जगाकडे मागतो त्यामागची शिस्त घरात दिसत नसेल, तर त्या आग्रहाचे वजन कमी होते.

नाशिक खोऱ्यातील वाइनला २०१० मध्ये मानांकन मिळाले. येथील परिस्थिती फ्रान्सहून मुळातच निराळी. कडाक्याचा हिवाळा नसल्याने वेल पूर्ण विश्रांती घेत नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी अशा दोन छाटण्यांनी तिला शिस्त लावावी लागते. काढणी जानेवारी ते मार्चदरम्यान, म्हणजे युरोपच्या नेमकी उलट ऋतूत. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि थंड रात्री ही येथील जमेची बाजू. बर्गंडीचे नियम उचलून येथे लावणे निरर्थक ठरेल. परंतु मुरमाड उतार आणि काळी भारी जमीन यांत फरक न करता केवळ खोऱ्याचे नाव बाटलीवर छापणेही पुरेसे नाही. कोणत्या गावच्या जमिनीत कोणते वाण खुलते, याची नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याला अजून घडवायची आहे.

ही नोंद किती मोलाची असते, हेही बर्गंडीच शिकवते. बोन या गावी द्राक्षतोडणी कधी सुरू झाली याच्या १३५४ पासूनच्या तारखा इतिहासकारांनी जुळवल्या आहेत. १९८८ नंतर तोडणी आधीच्या शतकांच्या मानाने सरासरी तेरा दिवस अगोदर सुरू होते, असे त्यांतून दिसले. नगरपालिकेची आणि चर्चची जुनी हिशेबाची कागदपत्रे हवामानबदलाचा पुरावा ठरली. बोर्दोने तर २०२१ मध्ये उष्णता सोसणारे सहा नवे वाण मर्यादित प्रमाणात मान्य केले. हवामान बदलले की नियमही बदलावा लागतो. मात्र तो नोंदींच्या आधारे आणि उघडपणे बदलावा लागतो.

यातून तीन गोष्टी निघतात. तपासणी यंत्रणेपुढील ‘असल्यास’ हा शब्द वगळून ती अनिवार्य करावी आणि तिच्यासाठी निधीची तरतूद असावी. प्रत्येक महत्त्वाच्या मानांकनासाठी माती, पाऊस, बहर आणि काढणी यांच्या नोंदी सार्वजनिक ठेवाव्यात. चहाच्या जुन्या बागांची दप्तरे हा तर राष्ट्रीय ठेवाच आहे. दहा वर्षांनी होणारे नूतनीकरण केवळ शुल्क भरून न होता या नोंदींच्या आधारे व्हावे. आणि तिसरे, नावाच्या नियमनात पिकवणाऱ्यांना आणि राबणाऱ्यांना स्थान असावे. शँपेनमधील दंगली छोट्या द्राक्षउत्पादकांनी केल्या होत्या. त्यांच्या संतापातून कायदा पुढे सरकला. दार्जिलिंगच्या उतारांवर पाने खुडणाऱ्या स्त्रियांच्या अनेक पिढ्या बागेतच गेल्या, तरी राहत्या जमिनीच्या हक्काचा प्रश्न जुनाच आहे. ज्या हातांना दोन पाने आणि एक कळी नेमकी ओळखता येते, ते हात शहरात निघून गेले, तर माती आणि धुके मागे उरेल. चहाचा तो स्वाद उरणार नाही.

मानांकनांची संख्या वाढवणे सोपे आहे. आहेत त्यांतील प्रत्येक नाव खरे ठेवणे हे प्रशासनाचे अधिक अवघड, आणि म्हणूनच अधिक आवश्यक, काम आहे.