बावीस लाख स्फटिक आणि एक भट्टी

परवा रविवारी सकाळी भाचीबरोबर जुहू चौपाटीवर चालायला गेलो होतो. पोरगी एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बॅटरीच्या मटेरियलवर पीएचडी करायची, हे तिचं कधीचंच ठरलेलं. आणि परवा एकदम म्हणते, "मामा, लॅबबिब सोडून देते. तुझ्यासारखं कोडिंग करते. नवीन मटेरियल आता मशीन लर्निंगच शोधतंय, मग मी भट्टीपुढे घाम कशाला गाळू?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. खरं तर माझी कॉलर ताठ व्हायला हवी होती. पण हे काही पटलं नाही बुवा.

ती म्हणते ते अगदीच खोटं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या 'नोम' या प्रोग्रामने तब्बल २२ लाख नवे स्फटिक सुचवले. त्यातले ३ लाख ८० हजार सर्वांत स्थिर. पण स्थिर कुठे? तर शून्य केल्व्हिनच्या गणितात! आमच्या जुहूच्या खाऱ्या हवेत खिडकीचं ग्रिलसुद्धा टिकत नाही. मटेरियलला दिवस काढायचेत ते इथे.

त्याच महिन्यात बर्कलीच्या रोबो-लॅबने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ बनवल्याचा दावा केला. २०२४ मध्ये लंडन आणि प्रिन्स्टनच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते निकाल तपासले आणि सांगितलं, यात नवीन एकही नाही. हे पकडलं कोणी? ज्यांनी वर्षानुवर्षं असल्या पावडरी भाजून त्यांचे एक्स-रे आलेख वाचलेत, त्यांनी.

मग मी तिला पुण्याची गोष्ट सांगितली. गॅलियम हा धातू २९.८ अंशांना वितळतो, तळहातावर ठेवला तरी पातळ होतो. धातूचा कण जितका लहान, तितका तो लवकर वितळतो, असा सर्वसाधारण समज. पण २००३ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात दिसलं, की गॅलियमच्या मोजक्या अणूंचे पुंजके त्याहून कितीतरी जास्त तापवले तरी वितळत नाहीत. का? २००४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या दिलीप कान्हेरे यांच्या गटाने अणूंचं सिम्युलेशन करून कारण दाखवलं. या पुंजक्यांत अणू एकमेकांना सहसंयुज बंधांनी घट्ट धरून असतात. त्या गटातल्या कविता जोशी पुढे पुण्याच्याच एनसीएलमध्ये मशीन लर्निंगकडेही वळल्या.

म्हणजे बघा, उत्तर कॉम्प्युटरने दिलं, पण प्रश्न प्रयोगाने विचारला होता.

म्हणून माझं मत सरळ आहे. मशीन लर्निंग शीक, जरूर शीक. पण भट्टी सोडून नको. "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणणारे आमच्या धंद्यात पैशाला पासरी आहेत. लाखोंच्या यादीतलं नेमकं काय बनेल आणि बनलेलं खरंच तेच आहे का, हे सांगणारे थोडे. यादी जितकी लांब, तितकी त्यांची गरज जास्त.

भाची काही बोलली नाही. नारळपाणी संपवलं आणि निघाली. पीएचडीच्या फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार आहे.

असो. शुक्रवारची वाट बघतोय.