बॅटरीची आणेवारी

विजेच्या मोटारीला हल्ली दोन किमती असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर बाजारात आली ती ९ लाख ९९ हजार रुपयांना, आणि वर बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. बॅटरीसकट घ्यायची तर तीच गाडी साडेतेरा लाखांपासून पुढे. हा हिशेब गिऱ्हाइकाला आवडला यात नवल नाही. गाडीतला सगळ्यांत महाग भाग बॅटरी आणि लोकांना धास्ती असते तीही बॅटरीचीच. ती जर दुसऱ्याची राहणार असेल, तर तिच्या म्हातारपणाची चिंताही त्यानेच वाहायची, असे कोणीही समजेल.

समजेल खरा, पण करारात तसे असतेच असे नाही.

आपल्याकडे जमीन दुसऱ्याला कसायला देण्याच्या दोन तऱ्हा जुन्या आहेत. बटईने दिली तर येईल त्या पिकात दोघांचा वाटा; पावसाने दगा दिला तर दोघांच्याही कणग्या रिकाम्या. खंडाने दिली तर पिको न पिको, ठरलेला खंड मालकाच्या दारात पोचता व्हायलाच हवा. भाडे किलोमीटरवर आहे म्हटल्यावर ती बटई वाटते, कारण फिराल तेवढेच द्यायचे. पण वित्तसंस्थांच्या अटी वाचू लागले की खाली खंड दिसू लागतो. विंडसरच्या योजनेत काही वित्तसंस्थांनी महिन्याला किमान १,५०० किलोमीटरचे भाडे धरले होते. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी ५,२५० रुपये ठरलेले. ज्याचे रोजचे जाणे-येणे पन्नास किलोमीटरचे आहे त्याला हे परवडेल. ज्याची गाडी महिनाभर वर्कशॉपात पडली आहे त्याचे काय, हा खरा प्रश्न.

आणि बॅटरी दोन तऱ्हांनी जाते. एक हळूहळू थकण्याची. ऊन, सारखे फास्ट चार्जिंग, शंभर टक्के भरून दिवसच्या दिवस उभी ठेवणे, या सगळ्याने तिची क्षमता कणाकणाने उतरते. नवी असताना प्रत्यक्ष रस्त्यावर एका चार्जमध्ये २६० किलोमीटर जाणारी गाडी घ्या. क्षमता ७० टक्क्यांवर आली की ती १८०च्या घरात येते. पूर्वी ठाण्याहून पुण्याला जाऊन त्याच दमात परतीचे लोणावळे गाठणारा माणूस आता पुण्यातच चार्जर शोधत हिंडतो. किलोमीटरचे भाडे मात्र साडेतीनच. दुसरी तऱ्हा अचानक जाण्याची. पॅकमध्ये कित्येक सेल असतात; त्यातला एखादा गट अशक्त झाला की सबंध पॅकला त्याच्याच चालीने चालावे लागते, जोडीतला एक बैल लंगडला की दुसऱ्यालाही चालावे लागते तसे. डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी कासवगतीला येते, आणि वर्कशॉपात मुक्कामाला जाते.

आता टोलवाटोलवी सुरू होते. गाडीचे कर्ज एका बँकेचे, बॅटरीचे भाडे दुसऱ्याच वित्तसंस्थेचे, हमी कंपनीची आणि पाना डीलरच्या हातात. डीलर म्हणतो कंपनीकडून मंजुरी यायची आहे, कंपनी म्हणते डीलरशी बोला, वित्तसंस्था म्हणते बॅटरीचे आम्हाला काही सांगू नका, पाच तारखेला हप्ता. अशा वेळी चिडून हप्ता थांबवणारे भेटतात. हा राग समजण्यासारखा आहे, पण तसे करू नये. हप्ता बाउन्स झाला की बिघडलेल्या बॅटरीचा फिर्यादी बघता बघता थकबाकीदार होतो आणि त्याची सिबिलची नोंद काळवंडते. हप्ता भरत राहावे आणि तक्रार तिघांकडेही एकाच दिवशी, लेखी टाकावी. जॉबकार्डवर गाडी आत घेतल्याची तारीख आणि बॅटरीच्या क्षमतेचा आकडा लिहून घ्यावा. ग्राहक आयोगात उद्या चालणार आहे तो हा कागद, आपला संताप नव्हे.

बॅटरी भाड्याने देण्याचा प्रयोग युरोपात आपल्या आधी दहाएक वर्षे होऊन गेला आहे. रेनोने झोई ही गाडी विकली आणि बॅटरी महिन्याच्या भाड्याने दिली. त्या व्यवहारात एक गोष्ट चोख होती: क्षमता ७५ टक्क्यांच्या खाली उतरली तर दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची जबाबदारी भाडे घेणाऱ्याची. याला म्हणावे मालकी. पण त्याच व्यवहारात जर्मनीत एक कलम असे होते की, भाडेकरार मोडला तर कंपनीच्या बँकेला दुरूनच बॅटरीचे चार्जिंग बंद करता येईल. सॅक्सनीच्या ग्राहक संघटनेने दावा लावला आणि २६ ऑक्टोबर २०२२ रोजी कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते कलम रद्द ठरवले. न्यायालयाचे म्हणणे मुद्देसूद होते. गाडी भाडेकरूची स्वतःची, किंमत बॅटरीहून कितीतरी जास्त. दुसऱ्या कोणाची बॅटरी तिच्यात बसत नाही. चार्जिंग बंद केले की बॅटरीच काय, गाडीच जागेवर थिजते. वाद असेल तर मालकाने न्यायालयात यावे. बटण दाबून मोकळे व्हायचे आणि दाद मागण्याचे ओझे भाडेकरूच्या डोक्यावर द्यायचे, हे चालणार नाही.

भाडेकरूने भाडे थांबवले तर मालकाने पाणी तोडायचे, ही चाल मुंबईच्या चाळींना नवी नाही. नवे आहे ते एवढेच की आता त्यासाठी प्लंबर लागत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सबंध गाडीच लीजवर असेल आणि मुदत संपल्यावर ती परत द्यायची असेल, तर थकलेल्या बॅटरीचा तोटा आपोआप मालकाच्या अंगावर पडतो. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्सच्या आसपास, निस्सान लीफच्या डॅशबोर्डवरच्या बारा पट्ट्यांतल्या पट्ट्या दोन वर्षांच्या आतच विझू लागल्या. बॅटरी थंड ठेवायला पाण्याची सोयच त्या गाडीत नव्हती, आणि तिथले ऊन आपल्या चंद्रपूरच्या तोडीचे. विकत घेणारे कोर्टात गेले. अखेर पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांच्या आत नऊ पट्ट्यांच्या खाली गेल्यास बॅटरी सुधारून देण्याची हमी कंपनीला द्यावी लागली. ज्यांनी तीन वर्षांच्या लीजवर घेतली होती त्यांना किल्ल्या टेबलावर ठेवून निघून येण्याची वाट मोकळी होती. आपल्याकडे कंपनीमार्फत पगारातून लीज घेणारे नोकरदार इथे फसतात ते शेवटच्या पायरीवर. मुदत संपली की तीच गाडी आधी ठरलेल्या किमतीला विकत घ्यायचा मोह. पेट्रोलच्या गाडीत तो बहुधा फायद्याचा असतो. विजेच्या गाडीत बॅटरी तपासल्याशिवाय त्या कागदावर सही करणे म्हणजे मालकाचा तोटा पैसे मोजून घरी आणणे.

तपासणार कशी, इथे सगळी गोम आहे. बॅटरीत किती जीव उरला आहे तो आकडा गाडीतल्या संगणकाला ठाऊक असतो. तो वाचणारे यंत्र सर्व्हिस सेंटरकडे असते. हमी साधारणतः आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची, आणि ती लागू होते क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेल्यावर. यंत्राने ७१ म्हटले की कागदोपत्री पीक उत्तम. म्हणजे पीक किती आले हे ठरवणार तोच, ज्याला सूट द्यावी लागणार आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. त्याने आणेवारी, म्हणजे पिकाची सरकारी मोजणी, पाहिलेली आहे. १९१८ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, खेडा जिल्ह्यात, सत्याग्रह झाला तो या मोजणीवरूनच. पीक चार आण्यांच्या आत आले तर शेतसारा तहकूब होण्याचा नियम होता. शेतकरी म्हणत चार आण्यांच्या आत, सरकारी अंमलदार म्हणत वर.

कॅलिफोर्नियाने हा वाद निम्मा करण्याची सोपी रीत दाखवली आहे. २०२६ च्या मॉडेलपासून बॅटरीच्या प्रकृतीचा आकडा चालकाला गाडीतच दिसला पाहिजे, असा नियम तिथे २०२२ मध्ये केला गेला. आपल्याकडेही तो व्हावा, आणि भाड्याच्या बॅटरीपासून सुरुवात व्हावी, कारण इथे तर मालकच वेगळा आहे. उरलेला निम्मा वाद सोडवण्याचा नमुना घरातच आहे. १९४८ च्या मुंबई कूळ कायद्यात तरतूद होती की, सरकारने सारा तहकूब किंवा माफ केला, तर जमीनदारालाही कुळाचा खंड त्या मानाने तहकूब किंवा माफ करावा लागेल. बॅटरीलाही तेच लावावे. गाडी बॅटरीपायी वर्कशॉपात असेल तितके दिवस भाडे आणि किमान किलोमीटरची अट, दोन्ही तहकूब. क्षमता ठरलेल्या रेषेखाली उतरली, तर बदलून मिळेपर्यंत भाड्यात त्या प्रमाणात सूट. यात कोणाचे दिवाळे निघणार नाही. बहुतेक बॅटऱ्या लोक घाबरतात त्याहून पुष्कळ जास्त टिकतात, असे कंपन्याच तर सांगत असतात.

शोरूममध्ये हे बोलून पाहिले की टाय लावलेला तरुण हसून म्हणतो, “सर, बॅटरीला तसं काही होतच नाही.” उत्तम. मग तेवढे एक वाक्य करारात लिहून आणायला त्याला पाठवावे, आणि तो परत येईपर्यंत त्यांचा फुकटचा चहा प्यावा.